मुरिएलने बटाटे सोलत ऐकलेलं फ्रेंच

आमच्या आणि मुरिएल हॅडोच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच पातळ भिंत. म्हणून ते भांडण मी कान न लावताही ऐकलं.

"घरची भाषा इंग्रजी, आणि पोरीला शाळेत बालवाडीच्या पहिल्या दिवसापासून सगळं फ्रेंचमधून? ना धड इकडची राहील ना तिकडची," तिचा नवरा ऑर्विल म्हणाला.

"मॉन्ट्रियलमध्ये वीस वर्षं काढलीस, तरी बेकरीत बोट दाखवून पाव मागतोस. तिनेही बोटच दाखवायचं का?" मुरिएल म्हणाली.

शेवटी ऑर्विलने अट घातली. दुसरी संपायच्या आत लेकीने, ग्लेन्डाने, पेपरातलं हॉकीचं पान इंग्रजीत वाचून दाखवायचं, नाहीतर त्या फ्रेंच वर्गातून नाव काढायचं.

आता त्या वर्गात इंग्रजी वाचायला शिकवायचे तिसरीत. त्याआधी घरीही शिकवू नका, असं बाईंनी बजावलेलं. मी मुरिएलला म्हटलं, "अगं, गुपचूप शिकव. भिंतीपलीकडे मीच आहे, कुणाला सांगतेय?"

"बाईंना शब्द दिलाय," ती म्हणाली. झालं.

लाँड्रीतल्या कामावरून आली की ती बटाटे सोलायला बसे आणि ग्लेन्डा समोर फ्रेंच गोष्ट वाचे. मुरिएलला ओ की ठो कळत नसे. पण पोरगी अडखळली की हिची सुरी थांबे. "परत म्हण. मघाचं कसं गाण्यासारखं गेलं, हे खडखडलं." अशी तीन वर्षं.

दुसरीच्या मे महिन्यात ऑर्विलने टेबलावर पेपर पसरला. मी केकचं निमित्त करून पोचलेच. ग्लेन्डा नुसती बघत राहिली. मुरिएलच्या हातातला बटाटा सोलून सोलून आवळ्याएवढा झाला. पोरीने पहिला शब्द फ्रेंच वळणाने म्हटला, स्वतःशीच हसली, सुधारला, आणि मग जी सुटली ती थेट शेवटच्या गोलपर्यंत.

"कुणी शिकवलं?" ऑर्विलने आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणी नाही, बाबा. अक्षरं तीच आहेत. आणि इंग्रजी बोलता येतंच की मला."

त्याने पेपर तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "तो दुसरा गोल परत वाच."

ग्लेन्डाचं नाव राहिलं. मुरिएल मात्र तेव्हापासून दर शुक्रवारी बेकरीत जाऊन तोंडाने पाव मागू लागली. दुकानदार हिचे उच्चार ऐकून इंग्रजीवर येई, ही फ्रेंच सोडत नसे.

गेल्या वसंतात, त्र्याऐंशीव्या वर्षी, ती रविवारी गेली. त्याआधीच्या शुक्रवारी बेकरीत जाऊन आली होती. फाटकात मला म्हणाली, "आज तो पठ्ठ्या शेवटपर्यंत फ्रेंचमध्येच बोलला." दोन पाव आणले होते. एक नेहमीसारखा माझ्या खिडकीत ठेवला आणि बटाटे सोलायला घरात गेली.