चौदा नंबरचा सांधा

भूत-बित म्हटलं की तोंड वाकडं करणारा माणूस मी. इंजिनियर आहे हो, आकड्यांवर पोट भरलंय! तरी हे लिहितोय...

साल १९८३. भंडाऱ्याला ऑफिस. दिघोरीकडच्या एका तलावात काठापासून गेटच्या बुरुजापर्यंत जुना लोखंडी पायपूल होता. डोमाजी चौकीदार रोज त्यावरून जाऊन धानासाठी पाणी सोडायचा. पूल सुरक्षित आहे की नाही, यावर सही माझी.

तेव्हाची पद्धत अशी -- कागदावर पुलाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक सांध्याला नंबर द्यायचा, सगळी माहिती कार्डांवर छिद्रं पाडून नागपूरच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची. आठवड्याने उत्तर. मग दोन्ही टोकांवर आलेला भार हाताने बेरीज करून पाहायचा. पुलाच्या वजनाइतकाच यायला हवा.

अठ्ठावन्न किलो जास्त आला! उत्तरात चौदा नंबरचा सांधाही उगाच खाली गेलेला. कार्डांवर तिथे मी काहीच वजन धरलं नव्हतं. दोनदा नवी कार्डं पाडली... तेच.

साहेब वैतागले. "कार्ड चुकलं असन ना बाप्पा! एवढा फरक चालते. सही करून टाक."

मी आधी तलावावर गेलो. भर दुपारी. पूल ओलांडून बुरुजावर पोचलो, पिशवी ठेवली, परत वळलो -- आणि समोर चौदाव्या सांध्यावरची पत्र्याची फळी दबली. टण्ण! कोणी नाही. मी एक पाऊल टाकलं, ती पुन्हा दबली. मागे सरलो की शांत.

"काहून थांबले जी साहेब?" काठावरून डोमाजी ओरडला.

"पुलावर कोण आहे?"

"तुमीच हाव ना जी! येऊ का मी?"

"येऊ नको!" माझा आवाज फाटला. मागे बुरूज, खाली पाणी, पोहता येत नाही. तीन तास तिथे बसून राहिलो. रडलोसुद्धा, लपवत नाही. शेवटी मासे धरणाऱ्या एका ढिवराने बुरुजावरून आपल्या डोंगीत उतरवून काठाला आणलं.

"पिशवी राह्यली ना जी," म्हणत डोमाजी पुलावरून सरळ गेला, घेऊन आला. काही झालं नाही.

सही नाकारायचं कारण म्हणून काय लिहिणार होतो? दुसऱ्या दिवशी सही केली -- पूल सुरक्षित.

पूल पडला नाही. डोमाजी रिटायर होईपर्यंत त्यावरून गेला. ते काय होतं, मला आजही कळलेलं नाही. पण त्यानंतर तलावावर जेव्हा जेव्हा गेलो, बुरुजापर्यंत मी डोंगीनेच गेलो. आणि काहून, हे डोमाजीला कधी सांगितलं नाही.