न धुतलेला दगड

वाईट बातमीचं, कोपरा फाडलेलं कार्ड वाचून झाल्यावर घरात ठेवत नाहीत. गेणूआबांचं मी ठेवलं आहे, महिना झाला. त्यांच्या मुलीने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं : 'आबा सोमवारी सकाळी गेले. गुरुजींना कळवा म्हणाले होते.' पोटाचं दुखणं जुनंच होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. चौथीपर्यंत शिकवणाऱ्या मास्तराने त्याहून वेगळं काय म्हणायचं?

मळवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आबांची वीस घरांची वाडी. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर मी होतो; म्हणजे मुख्याध्यापक, शिपाई आणि वाडीतला एकमेव विद्वान, तिन्ही मीच. वाडीचं पिणं, गुरं, भाताची रोपं, सगळं एका ओढ्यावर. त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना आला... बहात्तरच्या दुष्काळाच्या तीनचार वर्षं आधीची गोष्ट. एक दिवस आबा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "गुर्जी, खेकडं पानी सोडून दिवसाढवळ्या उनात बसल्यात." मी म्हणालो, "थंडी वाजत असेल." आबा हसले नाहीत. "खेकडा येडा नसतो. तुमी कुटंतरी लिवा."

मी लिहिलं. 'जीवनदायी जलौघ कलुषित होत असून' अशी सुरुवात करून दोन पानं लिहिली. आबांनी सगळा अर्ज ऐकून घेतला आणि विचारलं, "ह्यात पानी कुटं हाय? पानी नासलंय, येवढंच लिवा की." मी अर्थातच ऐकलं नाही. दोन वर्षं माझे असे अर्ज घेऊन ते लग्नातला काळा कोट अंगात घालून स्टेशनपर्यंत चालत जायचे आणि गाडीने वडगावची कचेरी गाठायचे. शेवटी उत्तर आलं : येत्या गुरुवारी साहेब पाहणीला येणार.

इथून माझी हुशारी सुरू होते. तपासणी म्हटली की मला शाळेचीच ठाऊक. आदल्या दिवशी भिंती सारवायच्या, फुटकं बाक मागे लपवायचं, कच्च्या मुलांना घरी बसवायचं. त्या बुधवारी मी सगळी वाडी कामाला लावली. ओढ्यातल्या दगडांवर पिवळट, बुळबुळीत थर बसला होता. तो नारळाच्या काथ्याने घासून काढायला लावला. मेलेले मासे पुरले. आबांनी साहेबाला दाखवायला पाटीभर मेलेले खेकडे झाकून ठेवले होते. वासाने डोकं उठत होतं. मी म्हटलं, "आबा, हे आधी टाका." "आसू द्या गुर्जी. सायबाला वास यिऊ द्या की." "अहो, साहेब पाहुणा आहे. पाहुण्यापुढे हे मांडायचं?" त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. शिकलेल्या माणसाला कळत असेल, असं त्यांना वाटलं असावं. पाटी उचलून त्यांनी लांब खाचरात ओतली आणि परत येऊन बायकांना म्हणाले, "घासा गं. गुर्जी म्हनत्यात."

कारखान्यालाही तारीख कळली असावी. बुधवारपासून वरून पाणी नितळ येत होतं. गुरुवारी साहेब आले तेव्हा अंगणात सडा, रांगोळी, आणि ओढ्यात लखलखीत दगड. डोंगरापलीकडच्या विहिरीचं पाणी आणवून मी चहा करवला. फार छान झाला होता. महिन्याने अहवालाची नक्कल आली, ती मीच वाचून दाखवली : 'पाण्यात दोष दिसून आला नाही. ग्रामस्थ स्वच्छतेची आवड असलेले आहेत.' आबांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मंजी आमी पास झालो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं... साहेब गेल्यावर आठ दिवसांतच दगडांवर थर परत आला होता. पुढच्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर, 'पाहणी झालेली आहे.' आबांची म्हैस गेली. बायका डोंगरापलीकडून पाणी आणू लागल्या. आबा मात्र ओढ्याचंच प्यायचे. मी रागावलो की म्हणायचे, "का वो? सरकारात पास झालेलं पानी हाय!"

माझी लोणावळ्याला बदली झाली तेव्हा ते तोच काळा कोट घालून निरोप द्यायला आले. धोतराच्या फडक्यात एक दगड बांधून आणला होता, पिवळा थर वाळून घट्ट बसलेला. "पुन्ना कंदी सायेब आला तर ह्यो दावा. आन् धुऊ नगा."

साहेब आला नाही. दगड माझ्या खिडकीत आहे. परवा साफसफाई करताना बायकोने तो उचलला. "किती मळलाय हा, धुऊन टाकू?" मी "नको!" म्हणून असा ओरडलो की तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. म्हणजे आवाज आहे मला. त्या बुधवारीही होता... तो सगळा 'घासा, घासा' म्हणण्यात खर्च झाला.