सादुर्नीचा चढ

आमच्या विलाफ्रेदा गावातून नदीच्या काठाने जुन्या गिरणीपर्यंत जाणारी पायवाट दोन तासांची आहे. ती खरं तर सव्वा तासाची असायला हवी. वरचा पाऊण तास सादुर्नीने घातलेला आहे, आणि त्यासाठी परगावचे लोक गेली बावीस वर्षं धापा टाकत त्याला शिव्या घालतात.

सादुर्नी हा आमच्या भटकंती मंडळाचा खुणा रंगवणारा. पेशाने साल सोलणारा, म्हणजे ज्या ओकच्या जाड सालीपासून बाटल्यांची बुचं होतात, ती साल कुऱ्हाडीने खोडाला न दुखावता उतरवणारा. हे काम फक्त उन्हाळ्यातलं. बाकीचे महिने हा माणूस घरात बसून बायकोचं डोकं खायचा, म्हणून मंडळाने त्याच्या हातात दोन डबे दिले, एक पांढऱ्या रंगाचा, एक पिवळ्या. तेव्हापासून खोऱ्यातल्या प्रत्येक वळणावर, दगडावर, खोडावर त्याचे दोन पट्टे आहेत. पट्टे सुबक असतात हे मी मान्य करते. मी मंडळाची चिटणीस आहे आणि त्याआधी एकतीस वर्षं इथल्या शाळेत बाई होते. मला गिचमिड खपत नाही.

कोळसेवाल्यांच्या जुन्या मोकळ्या जागेपर्यंत ही वाट शहाण्यासारखी वागते. तिथून पुढे समोर सपाट काठ दिसतो, सावली असते, नदी असते. आणि नेमक्या तिथेच सादुर्नीचे पट्टे डावीकडे वळून डोंगरावर चढतात. दीडशे मीटर उभा चढ, सगळे सुटे दगड आणि काटेरी झुडपं. माथ्यावर टेकायला जागा नाही. मग तेवढाच उतार, आणि उतरून बघावं तर आपण होतो तिथून जेमतेम तीनशे पावलं पुढे आलेलो असतो. शिवाय सपाट काठाच्या तोंडाशी त्याने ‘इकडे जाऊ नये’ अशी फुली मारून ठेवली आहे, अंध माणसालाही चुकवता येणार नाही एवढी मोठी.

कुणी कारण विचारलं की पहिली काही वर्षं तो पुराचं सांगायचा. एवढा दुष्काळ पडला की नदीत बदकं चालत जायला लागली, तेव्हा त्याने गांधीलमाश्या आणल्या. त्यानंतर रानडुकरं आली. हल्ली तो माथ्यावरच्या देखाव्याबद्दल बोलतो. माथ्यावरून डुकरांच्या गोठ्याची मागची भिंत दिसते.

खरं कारण त्या तीनशे पावलांत होतं. तिथे ओकच्या मुळांशी शरदात ‘राजाचं अंडं’ उगवतं. हे आमच्याकडचं सगळ्यात मानाचं अळंबं. पांढऱ्या कवचातून केशरी डोकं वर काढतं, आणि निखाऱ्यावर तेलमीठ लावून भाजलं की घरातली भांडणं तेवढ्यापुरती मिटतात.

आमच्याकडे माणूस आपला पगार सांगेल, आजार सांगेल, पण अळंब्यांची जागा सांगणार नाही. टोपली घेऊन निघायचं ते उलट्या दिशेने, आणि परत यायचं ते मागच्या दाराने. कुठे मिळाली असं विचारलं तर ‘रानात’ म्हणायचं. ती जागा बाप मुलाला मरताना सांगतो, आणि काही बाप तेव्हाही तोंड उघडत नाहीत. सादुर्नीच्या बापाने इस्पितळात नर्सला बाहेर काढून ती त्याच्या कानात सांगितली होती. सादुर्नीने ती कुणालाही सांगितली नाही. रेमेईलाही नाही, आणि रेमेई त्याची लग्नाची बायको आहे. पण तिला तीन भाऊ होते, आणि सासुरवाडीच्या माणसांवर विसंबून राहण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

आता मला हे कसं माहीत, असं तुम्ही विचाराल. मला ते दुसऱ्याच वर्षी कळलं. वर्गात कॉपी करणारं पोर वहीच्या ज्या पानावर हात ठेवतं, तेच पान बघायचं असतं. ज्याला सपाट वाटेचा एवढा राग येतो, त्याचं सपाट वाटेवर काहीतरी आहे. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मी फुली ओलांडली. त्यानंतर दर गुरुवारी. थोडीच घेते, सुरीने कापते, वर पाला सारून ठेवते. लाज वाटते का? वाटते. पण भाजताना वाटत नाही.

अलीकडे काही वर्षं तिथलं पीक घटत चाललं होतं. मी त्याचा दोष पावसाला देत होते.

मग गेल्या शरदात जिल्हा कचेरीतून आरियाद्ना नावाची तरुण इंजिनिअर आली. तिने सगळी वाट चाकाच्या यंत्राने मोजली, आणि तो चढ बघून बिचारीला वाटलं की नकाशाच चुकला आहे. तिचं म्हणणं साधं होतं. वाट काठाने सरळ न्यावी, म्हणजे म्हातारी माणसं आणि बाबागाड्यासुद्धा गिरणीपर्यंत जातील. आम्ही होकार दिला की पुढच्याच आठवड्यात काम सुरू. मंडळाच्या समितीने रविवारी मतदान करायचं ठरलं.

शनिवारी सादुर्नी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. बावीस वर्षांत तो माझ्या घरी आला नव्हता. हातात मधाची बरणी होती. त्याने हवेची चौकशी केली, माझ्या मांजराची केली, ते मरून तीन वर्षं झाली होती. मग म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही उद्या वाट सरळ करा म्हणणार. तुम्हाला सगळंच सरळ लागतं.’’

‘‘बघू,’’ मी म्हटलं.

‘‘तो चढ गेला तर माझं काही उरणार नाही.’’

तो हे चढाबद्दल बोलत नव्हता हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी मूग गिळून बसले. मध मात्र ठेवून घेतला.

आमच्या समितीत पाच जण. अध्यक्ष एउदाल, हा औषधांच्या दुकानाचा मालक. बेकरीवाला किर्झे. मी, सादुर्नी, आणि गुरुवारच्या सहलींना खाऊ पुरवणारी रेमेई. या पाच जणांचं आजवर कशावरही एकमत झालेलं नाही. मंडळाच्या टोप्यांचा रंग ठरायला दोन वर्षं लागली, आणि शेवटी टोप्याच रद्द झाल्या. त्यामुळे चढाच्या बाजूने सादुर्नीचं एक मत आणि माझं एक, बाकी तिघं सरळ वाटेकडे, असा माझा हिशोब होता. रविवारी प्रार्थना आटोपून आम्ही मंडळाच्या खोलीत बसलो तेव्हा सादुर्नीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता. आरियाद्नाने नकाशा भिंतीला लावला आणि चढ कायम ठेवावा असं कुणाला वाटतं का, असं सहज विचारलं.

सादुर्नीने हात वर केला. मी पाठोपाठ केला, आणि कोळसेवाल्यांच्या इतिहासाबद्दल दोन वाक्यं बोलले. सादुर्नी माझ्याकडे भूत बघितल्यासारखा बघायला लागला.

तेवढ्यात एउदालने घसा खाकरून हात वर केला. म्हणाला, चढाने हृदय बळकट होतं. हा माणूस दुकानासमोरचा रस्ता ओलांडायला गाडी काढतो.

किर्झेचा हातही वर होता. त्याला माथ्यावरचा देखावा फार आवडतो म्हणे.

मी एउदालकडे बघितलं, एउदालने किर्झेकडे, किर्झेने छताकडे. पावसाला मी उगाच दोष देत होते हे त्या क्षणी मला उमगलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेले चोर. आणि वर देखावा आवडतो म्हणे.

सादुर्नीलाही उमगत होतं. एकेका हातावरून त्याची नजर फिरत होती. मग ती रेमेईवर आली, आणि रेमेईचा हात वर होता. तिच्या कंबरेचं दुखणं जुनं आहे. त्या चढावर तिने जन्मात पाऊल ठेवलेलं नाही.

‘‘मला तो चढ आवडतो,’’ रेमेई म्हणाली, आणि कॉफीचे पेले गोळा करायला लागली.

आरियाद्नाने वहीत लिहून घेतलं की स्थानिक लोकांना कष्टाच्या चालण्याची विलक्षण ओढ आहे, आणि नकाशा गुंडाळला. एउदाल आणि किर्झे एकमेकांकडे न बघता दोन दिशांना गेले. मी खोली आवरून कुलूप लावायला आले तर बाहेरच्या पायरीवर सादुर्नी आणि रेमेई बसलेले. त्यांनी मला पाहिलं नाही. मी किल्ली हातात धरून दारामागेच थांबले. हे बरोबर नव्हतं, पण त्या दिवशी बरोबर वागण्याची वेळ टळून गेलेली होती.

‘‘कधीपासून?’’ सादुर्नीने विचारलं.

‘‘लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. तुझ्या बुटांना तिथलीच माती असायची.’’

‘‘आणि हे बाकीचे?’’

‘‘हे नंतरचे. तू फुली मारलीस त्यानंतरचे.’’ मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. सोमवारी बेकरी बंद, म्हणून किर्झे. बुधवारी दुपारी एउदाल. गुरुवारी बाई. शनिवारी तू. ‘‘मी मंगळवारी जाते, तू पत्ते खेळायला गेलास की. शुक्रवारी आणि रविवारी कुणी जात नाही. कधीतरी उगवायला पाहिजे ना त्यांना.’’

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. गुरुवारी सहलीहून परतताना मी ‘जरा मागे राहते’ म्हणायचे, तेव्हा हीच रेमेई मला खाऊची रिकामी टोपली हातात देऊन ‘सावकाश या’ म्हणायची.

सादुर्नीने आपल्या बुटांकडे बघितलं. ‘‘त्रेचाळीस वर्षं,’’ तो म्हणाला. ‘‘मला बोलली का नाहीस?’’

‘‘तुझ्या वडिलांनी ते तुला सांगितलं होतं. तू मला सांगशील म्हणून थांबले होते,’’ रेमेई म्हणाली. ‘‘माझ्या भावांना अजून माहीत नाही, सादुर्नी. तिघांतला एक तर गेलासुद्धा.’’

मला त्याची दया आली, आणि तिचा हेवा वाटला. मग त्याने रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुणी नाही ना हे बघून घेतलं, तिच्या जवळ सरकला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘कोळसेवाल्यांच्या मोकळ्या जागेपासून वर चढायचं नाही. काठाने सरळ जायचं. पहिला ओक सोडायचा, त्याच्याखाली काही नसतं. तिसऱ्या ओकपाशी थांबायचं.’’

रेमेई पेल्यांची पिशवी मांडीवर घेऊन लक्ष देऊन ऐकत होती.

‘‘तिसऱ्या ओकच्या डावीकडे,’’ तिने विचारलं, ‘‘का उजवीकडे?’’