दोन वाट्या

नर्मदा परिक्रमेच्या चौथ्या दिवशी आश्रमाच्या ओसरीवर सॅक उतरवली आणि तिथेच बसून राहिले. खांदे सोलवटले होते. कोपऱ्यात सामानाचा ढीग पडला होता. स्वेटर, सतरंज्या, कुणीतरी चक्क कुकर आणलेला.

“आधीच्या लोकांनी ठेवलेलं आहे,” आश्रम सांभाळणारे काका म्हणाले. “इथवर आलं की सगळ्यांनाच जड होतं. ताई, तुम्हीही काढा.”

काढत गेले. जास्तीची साडी, दुसरा टॉर्च, गरम पाण्याची पिशवी. घरून निघताना प्रत्येक वस्तूला आपण “असू दे” म्हणतो. चार दिवस चाललं की तेच तोंड “कशाला?” म्हणू लागतं. दमलेलं माणूस फार खरं बोलतं.

तळाशी स्टीलच्या दोन वाट्या निघाल्या. एकीवर माझं नाव कोरलेलं, दुसरीवर ह्यांचं. हे गेले त्याला दीड वर्ष झालं, पण सामान भरताना हात अजून दोन वाट्या उचलतो. त्याला कोण सांगणार?

“एक पुरे की,” काका हळूच म्हणाले.

पुरे होती. माझ्या नावाची वाटी मी ढिगावर ठेवली आणि सॅकचे बंद आवळले.