अर्ध्या कानाचा गोंडो

“माणूस ओळखायला त्याचं एक व्यंग पुरतं,” असं कस्मानीकाका मला एकदा म्हणाले होते. सुराबायाच्या वर्तमानपत्रांत त्यांनी चाळीस वर्षं नटांची, गायिकांची, विदूषकांची व्यंगचित्रं काढली. त्या चित्रांना चौकटी मी घातल्या.

जुनी लष्करी राजवट गेल्यावर नाट्यगृहात त्यांचं प्रदर्शन ठरलं. एका भिंतीवर गाजलेले, समोर विसरलेले. विसरलेल्यांतही गोंडो नव्हता.

गोंडो लुद्रुक या लोकनाट्याच्या मंडळीतला विदूषक. रंगमंचावर तोंडाला पांढरा रंग, डोक्याला कानांवरून फडकं. रंग उतरला की त्याला कुणी ओळखत नसे. पासष्ट साली लष्करानं लुद्रुकवाल्यांना कम्युनिस्ट ठरवून धरपकड सुरू केली तेव्हा तो असाच, बिनरंगाचा, मासळीबाजारात टोपल्या उचलत होता. तरी सापडला. परत आला नाही.

त्याची मुलगी सुलास्त्री महिनाभर काकांकडे खेटे घालत होती.

“काका, आमच्याकडे बाबांचा एक फोटो नाही. भिंतीवर एवढी माणसं, त्यात ते नकोत?”

“चेहरा आठवत नाही गं, पोरी.”

“त्यांच्या सिगारेटी फुकताना बरा आठवायचा!”

उद्घाटनाच्या सकाळी काकांनी चित्र आणलं. शाई पुरती वाळली नव्हती. त्यांच्या हातून उतरलेला निर्दोष चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. चौकटीत बसवला.

सुलास्त्री बराच वेळ बघत राहिली.

“दोन्ही कान शाबूत?”

काका चौकटीवर वाकले.

“डावा अर्धाच होता. लहानपणी घोडा चावलेला. जन्मभर फडक्याखाली लपवला त्यांनी. चित्रात उघडा फक्त तुम्ही काढलात.”

तिनं पिशवीतून एक कात्रण काढलं. घड्यांवर झिजलेलं. त्यात गोंडो फडकं वर करून अर्धा कान दाखवत होता, खदाखदा हसत. खाली काकांची सही.

“हे... कुठून मिळालं तुला?”

“मासळीबाजारात. शिपाई एकेकाचा डावा कान बघत येत होते. बाबांच्या कानाशेजारी हे धरलं आणि हसायला लागले. चित्र होतंच तसं, काका. मग चिखलात टाकलं. मी उचललं.”

तिचा आवाज चढला नव्हता.

“हेच लावा. तुमचा हा सुंदर माणूस कोण, मला माहीत नाही.”

काकांनी माझ्या हातातून चौकट घेतली. नवं चित्र काढून टेबलावर पालथं ठेवलं. कात्रण काचेखाली सपाट केलं, विसरलेल्यांच्या भिंतीवर टांगलं. जरा तिरकं झालं होतं, ते बोटानं सरळ केलं. दारात फुलांचे हार घेऊन पाहुणे येत होते. त्यांच्यामधून वाट काढत काका बाहेर निघून गेले.