पत्रकातली तिसरी ओळ

गोवा सुटला त्याला आता काही वर्षं झाली. पलीकडच्या त्या समुद्रकाठच्या हॉटेलात आमच्याकडची माणसं सहलीला जातात, फोटो काढून आणतात आणि कौतुकाने माझ्यापुढे धरतात. मी बघत नाही. उद्धट म्हणतात, म्हणोत.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आरोंद्याला खाडीकाठच्या एका भाताच्या कोठारात आमचं कार्यालय होतं. म्हणजे एक सायक्लोस्टाइल यंत्र, शाईचे डाग पडलेलं टेबल आणि मी. खाडीपलीकडे पोर्तुगीजांचं राज्य. अलीकडे आम्ही ते घालवणारे, आणि आमच्यातच दोन तट. सत्याग्रहवाले आम्हाला खुनी म्हणत, आम्ही त्यांना टाळकुटे म्हणत होतो. आमचा गट हत्यारवाल्यांचा. बॉम्ब कोण लावतं ते मला सांगत नसत. लावून झाल्यावर पत्रक काढणं हे माझं काम.

पत्रक कसं लिहायचं ते मला पक्कं शिकवलं होतं. पहिली ओळ शत्रूच्या जुलमाची, दुसरी आपल्या कृतीची, तिसरी निरपराधांना धक्का लागला नसल्याची, चौथी जनतेला हाक. झोपेतून उठवलं असतं तरी मी या चार ओळी सांगितल्या असत्या.

एका रविवारी संध्याकाळी पलीकडे तीन ठिकाणी एकाच सुमारास स्फोट झाले. नदीकाठच्या बागेत, जिथे बँड वाजे. लाँचच्या धक्क्यावर. आणि त्या हॉटेलात. तिन्ही जागा परदेशी पाहुण्यांच्या. गोवा ही मौजेची जागा नाही, तुरुंग आहे, हे त्यांच्या कानांत वाजवायचं होतं. मला ते पटलं होतं. तुरुंग होताच तो.

सोमवारी सकाळी होडीवाल्याने बातमी आणली. स्फोट झाले, एवढीच. कोण मेलं, कोण वाचलं, काही नाही. मागोमाग आमचे प्रमुख सायकलवरून आले.

"दुपारच्या आत पत्रक निघायला हवं. माणसांचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. ते सोडून दे."

मी स्टेन्सिल कोरायला घेतली. दोन ओळी झाल्या आणि हात अडला. तिसरी ओळ गाळली तर सत्याग्रहवाले म्हणतील, बघा, लपवतायत. शिवाय ती नसली की पत्रक पत्रकासारखं दिसेना. मी कोरलं: "या स्फोटांत एकाही निरपराध माणसाला इजा झालेली नाही." प्रमुखांनी वाचलं. माझ्याकडे एकदा बघितलं. प्रती छापून झाल्या तसा गठ्ठा उचलून गेले.

अकराच्या सुमारास ती आली. पलीकडे मासे विकायला जाणारी, चाळिशीची बाई. हद्द बंद होती, पण मासळीवाल्या बायकांकडे दोन्हीकडचे शिपाई काणाडोळा करीत. तिच्या टोपलीत बांगड्यांखाली, केळीच्या पानात गुंडाळलेली आमची पत्रकं जात. तिची एकुलती लेक पलीकडे दिली होती. आणि जावई त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात बशा धुवायला होता. हे मला माहीत होतं. पाखल्यांची, म्हणजे त्या गोऱ्या पोर्तुगीजांची, उष्टी काढणारा म्हणून मी तिला चिडवलंही होतं.

"गो बाय, माझो जावय बरो आसा काय?"

"काळजी करू नकोस."

"ता नको सांगू. आजची होडी भरतीर सुटतली. उद्या शिपाय कोणाक सोडूचे नाय. तेका काय झाला आसला तर माका आत्ताच जावक व्हया, लेक एकटी आसा. आणि बरो आसलो तर कित्याक जाव? आज टोपल्ये उपशीत बसतले मेले." तिने टेबलावरचं पत्रक उचललं. "ह्या कागदार काय लिवलाहा?"

मी वाचून दाखवलं. चारही ओळी. तिसरी जरा जोरातच.

"खराच मां गो?"

"होय."

ती मटकन खाली बसली. पदराने तोंड पुसलं आणि हसायलाच लागली. "बशी फोडल्यार तेचो पगार कापतत. आता बॉम्बान सगळ्योच फुटल्यो, काय कापतले? नाक?"

मीही हसले. देवाशप्पथ, हसले.

बाहेरून होडीवाल्याची हाक आली. "येतंस काय गो? सुकती लागता हा, मागसून चिखलात रुतान रवशीत!"

"जा रे तू! माझो जावय बरो आसा. कागदार लिवलला आसा!"

मी दारात उभी होते. होडी काठाला टेकलेली, पाणी उतरायला लागलेलं. एक हाक मारायची होती: थांब, मला माहीत नाही. एवढेच शब्द. मग पत्रक खोटं ठरलं असतं, आणि ते तर गावभर वाटून झालं होतं. होडीवाल्याने वासा रोवला. मधल्या पाण्यात होडी पोचेपर्यंतही हाक ऐकू गेली असती. नंतर नाही.

मंगळवारी पाखल्यांनी तर, म्हणजे खाडीवरची होड्यांची ये-जा, बंद केली. काठावर आलेल्या होडीवर गोळी झाडतील, असं पलीकडून ओरडून सांगितलं.

महिन्याभराने दोडामार्गाकडून, रानातून आलेल्या एका माणसाने मासळीवालीला लेकीचा निरोप दिला. स्वयंपाकघराची भिंत पडली होती. जावई इस्पितळात चार दिवस जगला. लेकीने त्या चार दिवसांत रोज कोणाला ना कोणाला खाडीवर पाठवून विचारलं होतं, आई आली का.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात आली. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तिने कनवटीला जपलेला तोच पत्रकाचा कागद काढून माझ्यासमोर उलगडला. घामाने शाई फुटली होती.

"ती ओळ वाच."

मी वाचली.

"कोणी सांगितला तुका ह्या?"

"कोणी नाही."

"मगे लिवलंस कित्याक?"

"ती ओळ तिथे असते," मी म्हटलं. "दर वेळी असते."

मी कागद घ्यायला हात पुढे केला. तो फाडावा, जाळावा, काहीतरी करावं असं वाटत होतं. तिने माझा हात बाजूला सारला, कागद पूर्वीच्याच घड्यांवर नीट दुमडला आणि परत कनवटीला खोचला.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "तर सुटली की लेकीक दाखवूक व्हयो. आवस कित्याक येवक नाय ता."