परत येतानाची चाल

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मैदानावर होतो. सकाळचा सराव चालू होता, पोरींना एका बेसवरून दुसऱ्या बेसवर पळवत होतो. त्यांचा मुलगा महादेव म्हणाला, "सर, अप्पा गेले बगा... आत्ताच." मी "हां" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि आधी जाळीमागं बघितलं. रेणापूरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर कॅचरच्या मागं जी जाळी आहे, तिच्या पलीकडं बाभळीखाली एक लाकडी स्टूल असतं. अकरा वर्षं शिवलिंगअप्पा त्यावर बसून आमचा बेसबॉल बघत आले. महिनाभर लातूरच्या दवाखान्यात असलेला माणूस तिथं कसा असेल, हे काय मला कळत नव्हतं? तरी बघितलं. या गोष्टीला दीड महिना झाला. अजून रोज बघतो.

अप्पांचं पेठेत जनावरांच्या सरकी-ढेपेचं दुकान. आयुष्यात कुठला खेळ खेळलेले नव्हते. तरुणपणी मात्र देवणी जनावरांची पारख करण्यात त्यांचं नाव होतं. बैलजोडी घ्यायची तर लोक त्यांना गाडीत घालून बाजाराला न्यायचे. शाळांच्या खेळांच्या यादीत बेसबॉल आला तेव्हा गावात त्याला 'दांडूचा खेळ' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मीही तो पुस्तकात बघून शिकवत होतो. एका सकाळी अप्पा फिरत फिरत आले, जाळीत बोटं अडकवून तासभर उभे राहिले आणि जाताना म्हणाले, "मास्तर, ती उंच पोरगी पयल्या बेसवर कामून ठिवली? हात लांब हायेत तिचे, पर वाकंना ती." मला राग आला. ज्याला नियम माहीत नाहीत त्यानं पहिल्याच दिवशी टीममध्ये हात घालायचा म्हणजे काय! पुढच्याच सामन्यात तिच्या पायांतून तीन चेंडू निसटले. दुसऱ्या दिवशी मीच घरातलं स्टूल नेऊन बाभळीखाली ठेवलं.

तेव्हापासून टीम मी लावायची आणि अप्पांनी मोडायची, असं चालू झालं. पिचरला मी जरा जास्त वेळ ठेवलं की जाळीमागून आवाज यायचा, "बैलाला फेस आला की जू काढत्यात, मास्तर. तुमी पोरीला अजून टाकायाच लावून राहिलात." माझी यादी जाहीर व्हायच्या आत ते आपली यादी दुकानाच्या आतल्या दारावर खडूनं लिहून मोकळे व्हायचे. ढेप न्यायला आलेली गिऱ्हाइकं ती वाचायची. त्यांना खेळ कळत नव्हता, पण कोण बाहेर बसलं यावर मत प्रत्येकाला होतं. अकरा वर्षांत आमच्या दोघांच्या याद्या एकदाही जुळल्या नाहीत. कधी दोन नावं इकडची तिकडं, कधी चार. मग आठवडाभर आमचं भांडण, चहा त्यांच्याच दुकानात.

त्यांची निवडायची रीत अशी, की पोरगी फटका मारताना ते बघतच नसत. ती आऊट झाल्यावर नीट बघायला लागायचे. "मोहरं येताना समदी जनावरं देखणी दिसत्यात," ते म्हणायचे. "पाठ फिरवून चालताना बगा." पाय ओढत येणारी त्यांना नको असायची, तोंड लपवून पळत येणारीही नको. सावकाश येऊन बॅट जागेवर ठेवते ती घ्या, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी पाय ओढते म्हणून एका पोरीला सपशेल नापास केलं. मी हट्टानं खेळवली आणि तिनं सामना काढून दिला. अप्पा दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून बूट काढायला लावतात तर काय, बुटाचा तळ अर्धा सुटलेला. "जनावराचा खूर उचलून बगतो आमी," ते म्हणाले, "पोरीचा बूट बगाया पायजे व्हता." संध्याकाळी महादेव नवे बूट घेऊन तिच्या घरी गेला. चूक झाली हे अप्पांनी गिऱ्हाइकांनाही सांगितलं, तेही स्वतःहून.

कोमलला त्यांनी दोन वर्षांपूर्वीच हेरलं होतं. जवळच्या खेड्यातून सायकलवर येणारी, बोलायला कमी. "ही कॅचर हाय," अप्पा म्हणाले, "हिला बसवून ठिवू नका." गेल्या वर्षी ती लहान होती. या वर्षी मात्र तिचं नाव पक्कं होतं, माझ्याही मनात. आणि मग शाळेच्या संस्थेतून फोन आला, एका पोरीला टीममध्ये घ्या म्हणून. संस्थेतल्या एका वजनदार माणसाची पुतणी, महिन्यातून दोनदा सरावाला येणारी. टीमबरोबर वरच्या स्पर्धेला गेली तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. मी दोनदा नाही म्हणालो, तिसऱ्यांदा हो म्हणालो. आता टीमच्या सोळा जणींतली कुणाला काढायची? जिच्या घरून कुणी विचारायला येणार नाही तिला... मी कोमलचं नाव काढलं.

यादी स्पर्धेसाठी पाठवली त्याच दिवशी संध्याकाळी मी लातूरला अप्पांकडं गेलो. पार वाळले होते. कपाळावरची विभूती तेवढी ताजी होती. मला बघताच विचारलं, "टीम लागली का?"

"लागली."

"वाचा."

मी कागद काढला. पंधरा नावं वाचली, आणि सोळाव्या ठिकाणी कागदावर नसलेलं नाव वाचलं. "कोमल, कॅचर."

अप्पांनी डोळे मिटले. "हां... आता झाली टीम. मास्तरची आन माझी टीम पयल्यांदा एक झाली बगा." महादेव कॉटशेजारीच उभा होता. त्याला म्हणाले, "उद्या दारावर लिव." मी जरा वेळ बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि निघालो. कॉटपासून दारापर्यंत आठ-दहा पावलं असतील. चौथ्या दिवशी ते गेले.

यादी मी पोरींना सांगितलीच नव्हती, धीर होत नव्हता. अप्पांना लिंगायत रीतीनं समाधी दिल्यावर पाचव्या दिवशी दुकान उघडलं आणि कोमल म्हशींसाठी ढेप न्यायला आली. तिथून तशीच सायकलवर पोतं घेऊन मैदानात आली. "सर, अप्पांच्या दारावर माझं नाव हाय." इतकी हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिला खरं सांगावं लागलं. तिनं दप्तरातून धुतलेला ग्लोव्ह काढून पेटीत ठेवला, मास्क खिळ्याला अडकवला, सायकलवरचं पोतं नीट केलं आणि सायकल ढकलत निघाली. मी तिला फाटकापर्यंत पाठमोरी बघत राहिलो. सावकाश चालत होती, पाय उचलून. त्या क्षणी अप्पा मला जितके हवे होते तितके त्यांच्या मातीच्या वेळीही हवे वाटले नव्हते.

त्याच दुपारी मी दारावरचं ते नाव पुसायला दुकानात गेलो. महादेव पोती लावत होता. मी फडकं मागितलं. ते माझ्या हातात देऊन तो थांबला.

"सर, एक सांगू? तुमी दवाखान्यातनं गेल्यावर अप्पा लई येळ दाराकडं बगत व्हते. म्हणले, मास्तरचा पाय आज जड पडत व्हता, कायतरी लपवालेत."

"मग लिहिलंस कशाला?" मी विचारलं.

"मी बी तेच इचारलं. म्हणले, तू लिव. दारावर असलं म्हंजे पुसाया तरी त्यास्नी यावं लागंल."

मी फडकं पोत्यावर ठेवलं. महादेवनं चहा मागवला, तो मी प्यायलो, आणि दार तसंच ठेवून निघालो.

टीम कोमलशिवाय गेली आणि दुसऱ्याच सामन्यात हरून परत आली. जिंकली असती तरी मला काय वाटलं असतं कोण जाणे. कोमलच्या घरी जाऊन आलो; तिच्या वडिलांसमोर जे केलं ते सांगितलं. वयाच्या अटीत तिचं अजून एक वर्ष बसतं. गेल्या आठवड्यापासून ती पुन्हा सरावाला येते, माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि मला तेवढं पुरतं.

बाभळीखालचं स्टूल मी हलवलेलं नाही. दारावरची सोळा नावंही तशीच आहेत. महादेव झाडताना हात सांभाळून झाडतो. अप्पांना पसंत पडलेली ती एकुलती एक टीम, आणि ती कुठल्याच मैदानात उतरली नाही. पुढच्या वर्षी यादी मी आधी त्या दारावर लिहीन, सगळ्यांदेखत, आणि मग पाठवीन. कोमलचं नाव वर असेल. मोडायला मात्र कुणी असणार नाही.